धंद्यासाठी मंडळ निवडताना

आपल्या बेटावरील मराठी घरांतून शिक्षणासाठी किंवा पोटापाण्यासाठी बाहेर गेलेली मुले बहुधा फ्रान्स, इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया या देशांत आहेत. थोडी अमेरिकेतही पोचली आहेत. त्यांपैकी कोणी नोकरी सोडून स्वतःचा लहानसा धंदा मांडला, मग तो हिशेब लिहून देण्याचा असो, घरगुती जेवण पुरविण्याचा असो की विजेच्या दुरुस्तीचा असो, की थोड्याच दिवसांत त्याला एक आमंत्रण येते. मंगळवारी सकाळी सात वाजता आमच्या ग्रुपमध्ये या, पंचवीस-तीस व्यावसायिक जमतात, ओळखी होतील, काम मिळेल. मुलगा घरी फोन करून विचारतो, ‘‘बाबा, जाऊ का? वर्षाची वर्गणी आधी भरावी लागते.’’ वडील काय सांगणार? आपल्याकडे मंडळी म्हटली की गणेशोत्सव, भजन, नाटक, मुलांचे मराठीचे वर्ग आणि अडीअडचणीला धावून जाणे. धंदा मिळावा म्हणून मंडळी, ही कल्पनाच निराळी.

अमेरिकेत या मंडळांना नेटवर्किंग ग्रुप म्हणतात. तेथील लहान शहरांतही अशी अनेक मंडळे असतात, आणि सर्वांत जाणे कोणालाही परवडणारे नाही. मग निवड कशी करावी? माझे मत आधीच सांगून टाकतो. ज्या मंडळातील माणसे तुमचे काम स्वतःच्या डोळ्यांनी पाहतात आणि मग आपले नाव पणाला लावून दुसऱ्यापाशी तुमच्यासाठी शब्द टाकतात, ते मंडळ घेण्यासारखे. बाकी सगळे चहा-बिस्किटे.

ही रीत काही आजची नाही. अमेरिका स्वतंत्र होण्यापूर्वी जवळजवळ पन्नास वर्षे, १७२७ साली, फिलाडेल्फिया गावात बेंजामिन फ्रँकलिन नावाच्या एकवीस वर्षांच्या तरुणाने आपल्या ओळखीच्या माणसांचे एक मंडळ काढले. पुढे वीजेचे प्रयोग करणारा आणि देशाच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारा फ्रँकलिन तो हाच. त्या वेळी तो दुसऱ्याच्या छापखान्यात राबणारा कामगार होता. मंडळाचे नाव होते जंटो. सभासद कोण? दस्तऐवजांच्या नकला करणारा एक लेखनिक, खिडक्यांना काचा बसविणारा पण गणितात निष्णात असलेला एक कारागीर, जोडे शिवण्याचे काम शिकलेला एक जण, एक सुतार, एका व्यापाऱ्याचा कारकून, एक सधन तरुण आणि छापखान्यातील दोन-तीन सोबती. मोठा असामी त्यांत एकही नव्हता.

दर शुक्रवारी संध्याकाळी ते जमत. प्रत्येकाने पाळीपाळीने एखादा प्रश्न चर्चेला मांडायचा आणि तीन महिन्यांतून एकदा स्वतः लिहिलेला निबंध वाचायचा. ‘माझेच खरे’ अशा थाटात कोणी बोलू लागला तर त्याला लहानसा दंड होई. बैठकीत विचारण्याच्या प्रश्नांची एक यादीच ठरलेली होती. गावात नुकताच कोणाचा धंदा बुडाला काय, आणि त्याचे कारण काय? कोणाची भरभराट झाली, ती कशाने? कोणी लायक परका माणूस गावात आला आहे काय? एखाद्या होतकरू तरुणाने नवीन दुकान मांडले असेल तर आपण त्याला हातभार कसा लावू शकतो? अशा स्वरूपाचे ते प्रश्न होते. परक्या माणसाची चौकशी करणारा प्रश्न मला विशेष वाटतो. बोटीतून उतरून परक्या बेटावर उभे राहिलेले आपले पूर्वज ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना त्याचे मोल वेगळे सांगायला नको.

१७२८ साली फ्रँकलिनने एका भागीदाराबरोबर स्वतःचा छापखाना काढला. गावात आधीच दोन छापखाने होते, तिसरा चालेल असे कोणालाच वाटेना. तेव्हा जंटोतील त्या लेखनिकाने खटपट करून क्वेकर पंथाच्या इतिहासग्रंथाचे चाळीस ताव छापण्याचे काम त्याला मिळवून दिले. भाव कमी होता. फ्रँकलिन रोज एका तावाची जुळणी करी आणि भागीदार यंत्रावर छापी. एका रात्री दिवसाचे काम संपवून उठण्याच्या बेतात असताना जुळविलेला एक साचा मोडला आणि दोन पानांचे टाइप विस्कटून गेले. त्याने ती पाने पुन्हा जुळविली आणि मगच तो झोपायला गेला, असे त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे.

त्याची ही मेहनत शेजारीपाजारी पाहत होते. गावातील व्यापाऱ्यांच्या क्लबात या नव्या छापखान्याची गोष्ट निघाली तेव्हा बहुतेक म्हणाले की हा बुडणार. त्यांच्यातील एक डॉक्टर मात्र म्हणाला की असा उद्योगी माणूस मी पाहिलेला नाही. मी क्लबातून रात्री घरी जातो तेव्हा तो काम करीत असतो आणि सकाळी शेजारी उठायच्या आत पुन्हा कामाला लागलेला असतो. त्यानंतर लवकरच एका व्यापाऱ्याने उधारीवर कागदसामान पुरविण्याची तयारी दाखविली. येथे ध्यानात घेण्यासारखे हे की, तो डॉक्टर फ्रँकलिनच्या मंडळातला नव्हता. मंडळाने पहिले काम मिळवून दिले, पुढची शिफारस त्या कामाने केली.

आणखी एक गोष्ट. पुढे भागीदाराच्या वडिलांना कबूल केलेले पैसे भरता आले नाहीत आणि सावकाराने दावा लावला. तेव्हा जंटोतील दोन मित्र, एकाला दुसऱ्याची खबर नसताना, वेगवेगळे फ्रँकलिनकडे आले आणि लागेल तेवढी रक्कम देतो म्हणाले. पण दोघांनीही एक स्पष्ट गोष्ट सांगितली. तुझा भागीदार रस्त्यात दारू पिऊन फिरताना दिसतो, त्याला सोड. पैसा देणारे पुष्कळ भेटतील; तोंडावर असे सांगणारे कोठे भेटतात? फ्रँकलिनने दोघांकडून अर्धी-अर्धी रक्कम घेतली आणि भागीदारी मोडली.

जंटोची सभासद संख्या बारावर ठेवलेली होती. लोक आत येण्यासाठी आग्रह करू लागले तेव्हा फ्रँकलिनने मंडळ फुगविले नाही. प्रत्येक सभासदाने आपापले वेगळे मंडळ काढावे असे ठरले, आणि तशी पाच-सहा निघालीही. याच मंडळींच्या पुढाकारातून १७३१ साली वर्गणीवर चालणारे ग्रंथालय उभे राहिले, ते फिलाडेल्फियात आजही आहे.

आता पावणेदोनशे वर्षे पुढे येऊ. १९०५ साली, २३ फेब्रुवारीच्या संध्याकाळी शिकागो शहरातील एका कचेरीत चौघे जण जमले. पॉल हॅरिस हा वकील, दुसरा कोळशाचा व्यापारी, तिसरा खाणींचा इंजिनियर, चौथा शिंपी. मोठ्या शहरात माणूस एकटा पडतो, खेड्यातल्यासारखी ओळखपाळख राहत नाही, ही हॅरिसची खंत होती. बैठक आळीपाळीने प्रत्येकाच्या कचेरीत फिरे म्हणून नाव पडले रोटरी. एका धंद्यातला एकच माणूस घ्यायचा, म्हणजे आपसांत चढाओढ नको, असा नियम केला. सुरुवातीच्या दिवसांत सभासदांनी एकमेकांकडूनच माल घ्यावा, काम द्यावे, अशीच रीत होती, आणि कोणी कोणाला किती धंदा दिला याची नोंदही ठेवली जाई.

पण १९०६ साली एका वकिलाला सभासद होण्याचे आमंत्रण मिळाले तेव्हा तो म्हणाला की जे मंडळ फक्त आपल्याच माणसांचे भले पाहते त्याला भविष्य नाही. हॅरिसला ते पटले. १९०७ साली शिकागोत सार्वजनिक शौचालये व्हावीत म्हणून या मंडळाने खटपट केली आणि तेथून रोटरीची वाट सेवेकडे वळली. पोलिओच्या निर्मूलनासाठी तिने केलेले काम आज जगाला ठाऊक आहे. तेव्हा कोणाचा मुलगा धंदा मिळेल म्हणून रोटरीत जात असेल तर त्याला सांगावे की सेवेची आवड असेल तरच जा. खिशातील कार्डे वाटत फिरणारा तेथे लगेच ओळखू येतो. बायकांना या संस्थेची दारे बरीच वर्षे बंद होती. कॅलिफोर्नियातील दुआर्ते गावच्या क्लबाने स्त्रियांना सभासद करून घेतले म्हणून त्याला काढून टाकण्यात आले होते. १९८७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने स्त्रियांच्या बाजूने निकाल दिला तेव्हा ती दारे उघडली.

सकाळी सातचे आमंत्रण येते ते मात्र बहुधा निराळ्या प्रकारच्या मंडळाचे. १९८५ साली दक्षिण कॅलिफोर्नियात आयव्हन मिसनर या व्यवस्थापन सल्लागाराने असे एक मंडळ सुरू केले. त्याचेच पुढे बीएनआय झाले आणि आज त्याच्या शाखा भारतासह अनेक देशांत आहेत. त्याच्या धर्तीवर चालणारी दुसरी मंडळेही पुष्कळ आहेत. जुन्या रोटरीने सोडून दिलेली रीत यांनी उचलली. एका शाखेत एका धंद्याचा एकच माणूस. दर आठवड्याला सुमारे दीड तासाची बैठक. प्रत्येकाने उठून मिनिटभरात सांगायचे की मी काय करतो आणि मला कसले गिऱ्हाईक हवे आहे. मग प्रत्येक जण सांगतो, या आठवड्यात मी अमक्याला तमक्याचे काम मिळवून दिले. गैरहजेरीला मर्यादा असते. स्वतःला जमत नसेल तर बदली माणूस पाठवावा लागतो.

पुष्कळांना हा प्रकार शाळेच्या हजेरीसारखा वाटतो. मला तसे वाटत नाही. दर आठवड्याला भेटल्याशिवाय माणूस कळत नाही, आणि वेळेवर न येणारा प्लंबर गिऱ्हाइकाकडे तरी वेळेवर कशावरून जाईल? हजेरीची शिस्त ही त्या मंडळांची खरी जमेची बाजू आहे. दोष आहे तो वेगळ्या जागी.

दर आठवड्याला काही तरी काम दिल्याचे सांगायचे, हा दंडक झाला की माणसे आकडा भरू लागतात. कोणी चुलतभावाचा फोन नंबर देतो, त्या चुलतभावाला काही नकोच असते. कोणी स्वतःच सभासदाकडून फुले विकत घेतो आणि तीही शिफारस म्हणून लिहितो. महिनाअखेर फळ्यावर मोठा आकडा दिसतो, खात्यात पैसे दिसत नाहीत. म्हणून पाहुणा म्हणून गेलेल्याने किती शिफारशी झाल्या हे विचारू नये. गेल्या वर्षी त्यांपैकी किती कामे झाली आणि त्यांचे पैसे आले, हे विचारावे. तेही अध्यक्षाला नव्हे, तर कोपऱ्यात बसलेल्या, वर्षभर सभासद असलेल्या एखाद्या रंगाऱ्याला किंवा दंतवैद्याला. चांगल्या मंडळात तो माणूस नावे घेऊन सांगतो: या बाईंनी मला दोन घरे दिली, त्या गृहस्थांनी एक शाळा दिली. नावे येत नसतील आणि नुसतेच ‘‘फार छान वातावरण आहे’’ असे उत्तर मिळाले तर नाश्ता करून घरी यावे.

पाहुणा म्हणून जाण्याची मुभा बहुतेक मंडळे देतात. ती पूर्ण वापरावी आणि वेगवेगळ्या दोन-तीन ठिकाणी जावे. पहिल्याच दिवशी ‘‘तुमच्या धंद्याची जागा आज रिकामी आहे, उद्याचे सांगता येत नाही’’ असे म्हणून फॉर्म पुढे केला तर मुळीच सही करू नये. ती जागा रिकामी का झाली हे विचारावे. आधीचा माणूस धंदा वाढल्याने गेला की कंटाळून गेला, यावरून बरेच कळते. जमल्यास त्यालाच गाठावे.

मंडळात कोण कोण बसले आहे हेही पाहायला हवे. धंद्यांची माळ असते. लग्नाचे जेवण करणाऱ्याला फुलवाला, फोटोग्राफर, सभागृहाचा मालक आणि कपडे शिवणारी बाई ही माणसे उपयोगी, कारण सगळ्यांचे गिऱ्हाईक एकच असते आणि कोणी कोणाचा वाटेकरी नसतो. घरे विकणारा दलाल, कर्ज मिळवून देणारा, घराची तपासणी करणारा, रंगारी, विमा एजंट ही दुसरी माळ. मुलाचा धंदा ज्या माळेतला आहे तिचे चार मणी त्या खोलीत नसतील, तर माणसे कितीही सज्जन असली तरी उपयोग नाही. तसेच, घरोघर लागणारे काम करणाऱ्यांना ही साप्ताहिक मंडळे लाभतात. कारखान्यांना यंत्रे किंवा इस्पितळांना संगणकाचे प्रोग्राम विकणाऱ्याला तेथे काय मिळणार? त्याने आपल्या धंद्याच्या संघटनेच्या वार्षिक परिषदेला जावे.

आता खर्चाचा हिशेब. वर्गणीकडेच सगळ्यांचे लक्ष असते, पण खरा खर्च वेळेचा. दीड तासाची बैठक, जायला-यायला एक तास, म्हणजे आठवड्याला अडीच तास. वर्षात पन्नास बैठका धरल्या तर सव्वाशे तास झाले. ज्याच्या एका तासाच्या कामाचे चाळीस डॉलर होतात, त्याने पाच हजार डॉलरचा वेळ दिला. वर्गणी आणि नाश्ता वेगळा. मंडळातून वर्षाला सहा हजारांचे काम मिळाले असे कोणी अभिमानाने सांगितले तर त्यात माल, पेट्रोल, मजुरी जाऊन नफा किती राहिला ते पाहावे. अर्थात पहिले वर्ष पेरणीचे असते; सहा महिन्यांत पीक मागू नये. पण दुसऱ्या वर्षाची वर्गणी भरण्याआधी हा हिशेब कागदावर मांडलाच पाहिजे.

येथे कायद्याचीही एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण आपल्या लोकांना ती ठाऊक नसते. काम मिळवून दिल्याबद्दल दलाली देणे सगळीकडे चालतेच असे नाही. घरखरेदीच्या कर्जाशी निगडित व्यवहारांत अशी मोबदल्याची देवघेव करण्यास अमेरिकेत १९७४ च्या केंद्रीय कायद्याने बंदी घातली आहे. सरकारी आरोग्ययोजनेतील रोगी पाठविण्यासाठी पैसे घेणे हा तर गुन्हा आहे, आणि वकिलांवरही कडक बंधने आहेत. मंडळात कोणी ‘‘पाठव गिऱ्हाईक, देतो टक्केवारी’’ असे म्हणाला तर आधी माहितगार वकिलाला विचारावे.

मग प्रश्न येतो तो आपल्या माणसांचा. आईवडिलांचा ओढा साहजिकच असा की पोराने परक्यांत कशाला जावे, आपल्या लोकांचे मंडळ पाहावे. यात तथ्य आहे. गुजराती मोटेलवाल्यांचे उदाहरण घ्या. हमरस्त्यांवरील लहान मोटेले विकत घेऊन नवराबायको आणि मुले मिळून ती चालवीत. हातउसने पैसे नात्यांतून उभे राहत. पण १९८० नंतरच्या काळात विमा कंपन्या आणि बँका त्यांना केवळ भारतीय म्हणून दूर ठेवू लागल्या. तेव्हा ते एकत्र आले आणि १९८९ साली अटलांटा येथे आशियाई-अमेरिकन हॉटेलमालकांची संघटना, आहोआ, स्थापन झाली. आज तिचे सुमारे वीस हजार सभासद असून अमेरिकेतील साठ टक्के हॉटेले त्यांच्या मालकीची आहेत असे संघटना सांगते. नेमके दुखणे ठाऊक असले की मंडळ कसे उभे राहते, याचा हा नमुना.

मराठी माणसांची गोष्ट थोडी वेगळी. १९६५ च्या कायद्याने दारे उघडल्यावर अमेरिकेत गेलेले मराठी लोक बहुतेक इंजिनियर, डॉक्टर, प्राध्यापक. त्यांनी गावोगावी महाराष्ट्र मंडळे काढली. १९८१ साली त्या मंडळांचे बृहन्महाराष्ट्र मंडळ झाले. त्याचे अधिवेशन दोन वर्षांनी भरते आणि नाटक-संगीताबरोबर व्यावसायिकांच्या बैठकाही होतात. तेथे ओळखी उत्तम होतात, पण दोन वर्षांतून एकदा भेटणाऱ्यांकडून दर महिन्याच्या कामाची अपेक्षा करणे बरे नाही. धंद्यात ज्या मराठी माणसाचे नाव घ्यावे लागते ते डॉ. सुहास पाटील यांचे. जमशेदपूरला जन्मलेले, खरगपूरच्या आयआयटीत शिकलेले, पुढे संगणकाच्या चिप बनविणाऱ्या सिरस लॉजिक कंपनीचे संस्थापक. १९९२ साली कॅलिफोर्नियातील सिलिकॉन व्हॅलीत टाय ही उद्योजकांची संस्था निघाली तिच्या संस्थापकांत ते होते. या संस्थेची मेख अशी की तिने नाव घेतले सिंधू नदीचे. त्यामुळे मराठी, पंजाबी, तमिळ, इतकेच काय, पाकिस्तानातून आलेले उद्योजकही एका टेबलाशी बसले. जे यशस्वी झाले होते त्यांनी नवशिक्याला वेळ द्यायचा, सल्ला द्यायचा, हे तिचे मुख्य काम. मुंबई-पुण्याहून आलेल्यांपुरतेच मंडळ त्यांनी काढले असते तर ते गोड झाले असते, पण एवढे पसरले नसते असे मला वाटते.

याला शास्त्राचाही आधार आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात नोकरी बदललेल्या लोकांची चौकशी केली आणि १९७३ साली तिचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. ज्यांना ओळखीतून नोकरी कळली त्यांना त्याने विचारले की तो ओळखीचा माणूस तुम्हाला किती वेळा भेटतो? वरचेवर भेटणारा, असे सांगणारे शेकडा सतराही नव्हते. सुमारे छप्पन टक्के म्हणाले अधूनमधून, आणि सुमारे अठ्ठावीस टक्के म्हणाले क्वचितच. कारण उघड आहे. जे आपल्याच अंगणात बसतात त्यांना आपल्याला ठाऊक असलेलेच ठाऊक असते. नवी बातमी दूरच्या ओळखीतून येते.

आपल्याच लोकांच्या मंडळात आणखी एक धोका दडलेला असतो. इटलीतून आलेल्या चार्ल्स पाँझीने १९२० साली बॉस्टनमध्ये पंचेचाळीस दिवसांत पन्नास टक्के नफा देतो म्हणून लोकांकडून पैसे गोळा केले. परदेशी टपालाच्या कूपनांचा धंदा आहे असे तो सांगे. वास्तविक नव्याचे पैसे जुन्याला देत होता. सुरुवातीला विश्वास ठेवणाऱ्यांत त्याच्याच देशबांधवांचा भरणा होता. २००८ साली पकडला गेलेला बर्नार्ड मेडॉफ हाही आपल्या ज्यू समाजाच्या क्लबांतून आणि धर्मादाय संस्थांतून अशीच माणसे जोडीत होता. अमेरिकेतील सरकारी खाते अशा फसवणुकीविरुद्ध लोकांना वेगळा इशारा देत असते. मंडळात कोणी तुमच्या कामाविषयी एक शब्दही न विचारता गुंतवणुकीची, किंवा दहा माणसे आणून त्यांनी आणखी दहा आणायची अशी योजना सांगू लागला, तर तो आपल्या गावचा आहे, आपली भाषा बोलतो, ही त्याच्या बाजूची गोष्ट धरू नये. आणि असे दोघे-तिघे ज्या मंडळात निर्धास्तपणे वावरतात, ते मंडळ त्याच दिवशी सोडावे.

आपल्या लेकीसुनांविषयीही दोन शब्द. स्त्री व्यावसायिकांची राष्ट्रीय संघटना वॉशिंग्टन येथे १९७५ साली सुरू झाली. तिच्या आणि इतरांच्या प्रयत्नांनी १९८८ साली स्त्रियांच्या धंद्यांविषयीचा कायदा झाला. त्याआधी काही राज्यांत बाईला धंद्यासाठी कर्ज हवे असेल तर नवऱ्याची किंवा घरातील दुसऱ्या पुरुषाची सही मागता येत असे. सकाळी सातची बैठक ही शाळेत मुले पोचविणाऱ्या आईला बहुधा जमत नाही. दुपारी जेवणाच्या वेळी भरणारी मंडळेही असतात, ती शोधावीत.

चेंबर ऑफ कॉमर्स आपल्याला नवे नाही. पोर्ट लुईसचे चेंबर १८५० सालचे. अमेरिकेत गावोगावचे चेंबर हे सरकारी खाते नसून वर्गणीदारांची खाजगी संस्था असते. नवीन दुकानाच्या उद्घाटनाला ते फीत कापायला येतात आणि नगरपालिकेत कोणाशी बोलावे ते सांगतात. दुकान रस्त्यावर असेल तर सभासद व्हावे, घरातून काम चालत असेल तर घाई नाही.

महाराष्ट्रातही आता अशी मंडळे आहेत. इंजिनियर माधवराव भिडे यांनी २००० साली सॅटर्डे क्लब सुरू केला तो मराठी उद्योजकांनी एकमेकांना काम द्यावे म्हणूनच. मराठी माणूस धंद्याच्या गोष्टी चारचौघांत बोलायला लाजतो. ती लाज घालविण्याचे काम अशा क्लबांनी केले, हे कबूल केले पाहिजे.

कोणत्याही मंडळाची वर्गणी भरण्यापूर्वी मुलाने एका ठिकाणी जरूर जावे, ते म्हणजे स्कोअर. निवृत्त आणि कामावर असलेल्या अनुभवी व्यावसायिकांची ही स्वयंसेवी संघटना अमेरिकन सरकारच्या लघुउद्योग खात्याच्या आधाराने १९६४ साली सुरू झाली. तिच्या शाखा देशभर आहेत. आपल्या धंद्याचा जाणकार सल्लागार मागता येतो, त्याला पुन्हा पुन्हा भेटता येते, दूर असल्यास संगणकावरूनही बोलता येते, आणि या सल्ल्याचे पैसे पडत नाहीत. त्या गावातील कोणते मंडळ कसे चालते हे तेथील जुन्या माणसाला सहसा ठाऊक असते. मंगळवारच्या बैठकीला जाण्याआधी त्याला विचारून घ्यावे.